531 नंबरची फेरारी

11 मे 1957, रात्र. ब्रेशा.
उत्तर इटलीतल्या या शहरातून ‘मिल्ले मिल्या’ ही मोटारशर्यत सुरू झाली आहे. नावाप्रमाणे हजार मैल, म्हणजे सुमारे 1600 किलोमीटर. ब्रेशाहून अॅड्रियाटिकच्या किनाऱ्याने खाली पेस्काराला, तिथून डोंगर ओलांडून रोमला आणि फ्लॉरेन्स-बोलोन्यावरून पुन्हा ब्रेशाला. शर्यतीसाठी वेगळा ट्रॅक नाही. रोजच्या रहदारीचे रस्ते, गावातले चौक, पूल, रेल्वेचे फाटक. आधी लहान गाड्या सुटतात, मग मोठ्या. ज्या मिनिटाला गाडी सुटायची तोच तिचा नंबर, त्यामुळे वाटेत उभ्या असलेल्या पोराटोरांनाही घड्याळ पाहून सांगता येते, कोण पुढे आणि कोण मागे.

12 मे, पहाटे 5.31. उरले साधारण साडेदहा तास.
531 नंबरची लाल फेरारी 335 एस सुटते. चालक आल्फोन्सो दे पोर्तागो, वय 28, स्पेनचा मार्क्विस, मागच्याच वर्षी हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्ले चालवून चौथा आलेला. शेजारी त्याचा अमेरिकन मित्र एडमंड नेल्सन. फेरारीचा चालक लुइगी मूसो आजारी पडला म्हणून ही जागा पोर्तागोकडे आली.

या गाडीपाशी जरा थांबावेच लागते. पुढे लांबलचक बॉनेट आणि त्याखाली चार लिटरचे, बारा सिलिंडरचे इंजिन. सहा वेबर कार्ब्युरेटर, सुमारे 390 अश्वशक्ती. वर स्कालिएत्तीच्या कारखान्यात अॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून दिलेला आकार. चाकांवरची फुगीर गोलाई दिसायला मोहक आहे, पण ती शोभेसाठी काढलेली नाही. आत चाक आहे, ते वर-खाली होते, त्याला जागा हवी, म्हणून पत्रा तिथे उचललेला. इटालियन गाड्यांचे सौंदर्य बहुतेक वेळा असेच गरजेतून आलेले दिसते. सरळ रस्त्यावर ही गाडी ताशी 300 किलोमीटरच्या घरात जाते. तिला थांबवायला ड्रम ब्रेक आहेत. आणि हे सगळे रस्त्याला टेकते ते तळहाताएवढ्या रबराच्या चार तुकड्यांवर.

5.37. 
स्टर्लिंग मॉसची मासेराती 450 एस सुटते. साडेचार लिटरचे व्ही-8, साऱ्या मैदानातली बहुधा सर्वांत ताकदवान गाडी. दोन वर्षांपूर्वी मॉस आणि डेनिस जेन्किन्सन यांनी ही शर्यत 10 तास 7 मिनिटे 48 सेकंदांत मारली होती, तो विक्रम अजून उभा आहे. आज काही किलोमीटरवरच ब्रेकचे पेडल मोडून पडते. मॉस गिअर खाली टाकत कशीबशी गाडी आवरतो आणि ब्रेशाला परततो. 400 अश्वशक्ती उभी करणाऱ्या कारखान्याला एका दांडीने दगा दिला. त्या सकाळची ही पहिली सूचना होती, असे मला वाटते.

दुपार व्हायच्या आत. रोम.
आघाडीवर पीटर कॉलिन्सची फेरारी. पोर्तागो तपासणी नाक्यावरून निघता निघता थांबतो. गर्दीतून अभिनेत्री लिंडा ख्रिश्चन पुढे येते, चुंबन होते, कॅमेरे चमकतात. पुढे या छायाचित्राला वृत्तपत्रांनी ‘मृत्यूचे चुंबन’ म्हटले. नाव खपले, पण चुंबनाचा आणि पुढच्या घटनेचा काडीइतका संबंध नाही. तो बोलोन्याशी आहे.

बोलोन्या. उरले सुमारे दोन तास.
फूता आणि रातिकोसा हे अॅपेनाइन्सचे घाट उतरून गाड्या इथे येतात. पोर्तागोच्या गाडीचा पुढचा डावा भाग दुखावलेला, चाक पत्र्याला घासण्याची भीती. टायर बदलण्यात मिनिटे जातील म्हणून तो तसाच निघाला, असे सांगतात. याच थांब्यावर खुद्द एन्झो फेरारी आहेत. गाड्या त्यांच्याच, एकमेकांशी झुंजणारे चालकही त्यांचेच.

पार्मा.
कॉलिन्सच्या गाडीचा मागचा अॅक्सल गेला. आघाडी आता पन्नाशीच्या पिएरो तारूफीकडे. त्याचीही गाडी कुरकुरते आहे. पेशाने इंजिनिअर, वर्षानुवर्षे या शर्यतीने हुलकावणी दिलेला हा माणूस यंत्राला सांभाळत, थोपटत नेतो.

चारच्या सुमारास. ग्विदित्सोलोजवळ.
मांतुआ ओलांडले की ब्रेशाकडे जाणारा रस्ता बाणासारखा सरळ. क्रेमोना-मांतुआ-ब्रेशा या टप्प्यात सर्वांत वेगवान असणाऱ्याला जुन्या पिढीतला थोर चालक नुवोलारीच्या नावाचे बक्षीस आहे. म्हणजे थकलेल्या टायरांवर, शर्यतीच्या शेवटी, सर्वांत जास्त वेग. दोन्ही कडांना गावकरी, मुलाबाळांसह. मध्ये ना कठडा, ना दोर.

ताशी सुमारे 250 किलोमीटरला पोर्तागोचा पुढचा डावा टायर फुटतो. गाडी रस्ता सोडून खांबावर, गर्दीवर, पुन्हा रस्त्यावर आदळते. उखडलेला मैलाचा दगड दोन मुलांचा जीव घेतो. पोर्तागो, नेल्सन आणि नऊ प्रेक्षक ठार. त्या नवांत पाच मुले.

त्याच सुमारास, ब्रेशा.
तारूफी आणि फेरारीचाच वोल्फगांग फॉन ट्रिप्स शेवटची रेषा जवळजवळ एकाच वेळी ओलांडतात. तारूफी तीन मिनिटे उशिरा सुटला होता, म्हणून जिंकला तो. 10 तास 27 मिनिटे 47 सेकंद. बायकोला शब्द दिला होता, त्याप्रमाणे त्याने शर्यती सोडल्या.

त्यानंतर.
इटलीच्या सरकारने असल्या रस्त्यांवरच्या शर्यती बंद केल्या. एन्झो फेरारींवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. मुद्दा होता एंगलबेर कंपनीचे टायर या वेगाला पुरेसे होते का. रस्त्यावर बसवलेल्या चकाकत्या खुणेने टायर कापला गेला असावा, असा निष्कर्ष पुढे आला आणि 1961 मध्ये ते निर्दोष सुटले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण एक खूण टायर कापू शकते, आणि टायर गेला की वाटेत फक्त माणसेच उभी आहेत, हे त्या दिवशी शर्यत आखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे होते. 1938 मध्ये बोलोन्यात याच शर्यतीतली गाडी गर्दीत घुसली होती आणि दहा जण गेले होते.

फॉन ट्रिप्सने त्या दिवशी चालवलेली गाडी 2016 मध्ये पॅरिसच्या लिलावात 3 कोटी 21 लाख युरोंना विकली गेली.