रमाबाईंचे इंग्रजी आणि आपले

रमाबाई रानडे ह्यांचे लग्न १८७३ साली झाले. त्या वेळी त्या ११ वर्षांच्या होत्या व त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पती महादेव गोविंद रानडे ह्यांनी त्यांना आधी मराठी व मग इंग्रजी शिकविले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे रुचले नाही. विशेषतः इंग्रजीवरून फार टोमणे बसत. रमाबाईंनी ते सोसले, पण पुस्तक खाली ठेवले नाही. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, ते त्यांच्याच पुढाकाराने. तेथे कितीतरी बायका शिकून आपल्या पायांवर उभ्या राहिल्या.

आज आपल्याला टोमणे मारणारे कोणी नाही. आड येतो तो आपलाच संकोच. भामरागडात माडिया, मराठी, हिंदी, तेलुगू रोज कानांवर पडते. मग इंग्रजीचे चार शब्द का जड जावेत? औषधाच्या बाटलीवर ‘शेक वेल’ म्हणजे चांगले हलवा, ‘आफ्टर फूड’ म्हणजे जेवणानंतर, ‘एक्स्पायरी’ म्हणजे मुदत संपण्याची तारीख. कागदावर ‘सिग्नेचर’ असेल तेथे सही. पण वरचा मजकूर समजून घेतल्यावरच!

रोज एक शब्द शिकावा व शेजारणीला सांगावा. रमाबाईंचे ऋण एवढ्याने थोडे तरी फिटेल.