पेस्तरपट्टीचा प्रश्न : कर्नलच्या जुळणीचा इतिहास

साताऱ्याच्या छत्रपतींच्या किंवा पेशव्यांच्या काळातील इनामाची सनद ज्याने एकदा वाचली आहे, त्याला तिच्यातील एक ओळ पाठ होऊन जाते : ‘कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, खेरीज हक्कदार व इनामदार करून’. हल्लीपट्टी म्हणजे आज चालू असलेले कर, आणि पेस्तरपट्टी म्हणजे पुढे बसतील ते. ज्या कराचे नावही अजून ठरलेले नाही त्याचा निकाल कारकून आजच लावून ठेवतो, आणि इनामात काय येत नाही तेही त्याच दमात लिहितो.

आजचा धागा मात्र मोडी कागदांचा नाही. तो संगणकाच्या कर्नलचा आहे (लष्करातले कर्नल नव्हेत, इथे शब्दाचा अर्थ दाण्यातला गर, गाभा). तरीही सनदेतील ती ओळ शेवटपर्यंत लक्षात ठेवावी, कारण गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कर्नल बांधणाऱ्यांना छळणारा प्रश्न त्या कारकुनाचाच आहे : काय घेतले, काय वगळले आणि जे अजून आलेले नाही त्याचे काय? धागा जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

कर्नल हा कार्यप्रणालीचा सर्वांत आतला भाग. स्मृती कोणाला किती द्यायची, चकतीवर कोणी लिहायचे, एका वेळी किती कामे चालू द्यायची, हे तो ठरवतो. प्रत्येक यंत्राची गरज वेगळी असल्याने, एकाच मूळ मजकुरातून वेगवेगळे कर्नल बांधावे लागतात. बांधणीपूर्वीच्या या निवडीला आपण जुळणी म्हणू.

बर्कली येथील युनिक्समध्ये ही जुळणी एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये लिहीत असत. तिच्यात ‘मॅक्सयूजर्स’ नावाचा एक आकडा असे. एकाच वेळी किती माणसे यंत्र वापरतील याचा तो अंदाज, आणि त्यावरून कर्नलच्या आतील तक्त्यांचे आकार ठरत. अंदाज चुकला तर आकडा बदला, कर्नल पुन्हा बांधा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा.

आता आपल्याकडे येऊ. सांगली बँकेची स्थापना १९१६ची, साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेची १९३६ची. कृष्णाकाठच्या व्यापारी पेठांची कित्येक दशकांची पत या दोन नावांशी जोडलेली होती. १९८३ साली देशातील बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढच्याच वर्षी सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये खातेवही लिहिणारी यंत्रे शिरू लागली. नोकऱ्या जातील ही भीती त्या काळात अगदी खरी होती. म्हणूनच किती यंत्रे आणायची यावर संघटनांशी वाटाघाटी कराव्या लागल्या. या लाटेत भारतीय बँकांनी युनिक्सला आपलेसे केले, आणि नव्वदच्या दशकात देशभरातील असंख्य शाखांत सांताक्रूझ ऑपरेशन या कॅलिफोर्नियातील कंपनीचे एससीओ युनिक्स चालू लागले.

या युनिक्सच्या जुळणीची तऱ्हा आजच्या विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटेल. ग्राहकाला कर्नलची मूळ आज्ञावली मिळतच नसे. मिळत ते आधीच यंत्रभाषेत उतरवलेले तुकडे. ‘एमट्यून’ नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक मर्यादेसाठी तीन आकडे असत : नेहमीचा, किमान आणि कमाल. त्यात ढवळाढवळ करायची नाही. स्थानिक गरजेपुरते बदल ‘एसट्यून’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायचे आणि ‘लिंक_युनिक्स’ ही आज्ञा देऊन सारे तुकडे नव्याने जोडायचे. शेवटी यंत्र विचारी : यापुढे हाच कर्नल वापरायचा का? होकार दिला की जुना कर्नल बाजूला पडे, पण नष्ट होत नसे. नवा चाललाच नाही, तर जुन्यावर परतता येई.

शाखेत दोन टर्मिनल वाढले, एकाच वेळी उघडणाऱ्या फाइली वाढल्या, की आधीचे आकडे अपुरे पडत. हे काम व्यवहार संपल्यावर करावे लागे, कारण यंत्र बंद केल्याशिवाय नवा कर्नल चालू होत नाही. एसट्यून फाइलमधील चार-पाच ओळी म्हणजे त्या शाखेच्या वाढीची वहीच होती. किती माणसे, किती खिडक्या, किती गर्दी, हे त्या आकड्यांवरून वाचता आले असते.

‘आले असते’ असेच म्हणावे लागते. ऑक्टोबर २००६मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली, एप्रिल २००७मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. अवघ्या सात महिन्यांत दोन्ही जिल्ह्यांतील जुन्या पाट्या उतरल्या. विलीनीकरणात ठेवींची, कर्जांची, इमारतींची आणि माणसांची मोजदाद होते. यंत्राच्या पोटातील जुळणीची फाइल कोणत्याही ताळेबंदात येत नाही, आणि यंत्र भंगारात निघाले की तिच्यासाठी कोणी पंचनामा करत नाही.

याच काळात जुळणीचा दुसरा, उघडा मार्ग तयार होत होता. १९९१च्या डिसेंबरात हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्सने लिनक्सची ०.११ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात जुळणी म्हणजे एक छोटी फाइल हाताने दुरुस्त करणे, एवढेच होते. त्या फाइलमध्ये कळफलकाची निवड आधीच झालेली होती : फिनिश. अमेरिकी कळफलक हवा असेल, तर ती ओळ खोडून दुसरी चालू करायची. कर्त्याचे घर कोठे आहे, हे कर्नलच सांगत होता! (देवनागरीचे दुखणे याहून खोल आहे. कर्नलमधील साध्या मजकूर-पडद्याला एका वेळी फार तर ५१२ चिन्हांचा संच वापरता येतो आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय त्यात नाही. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

पर्याय वाढले, तशी प्रश्नोत्तरांची पद्धत आली. ‘मेक कॉन्फिग’ म्हणताच यंत्र एकामागून एक प्रश्न विचारी. हे हवे? वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही, एम म्हणजे वेगळा तुकडा करून ठेव, लागेल तेव्हा जोडू. प्रश्न शेकडो आणि मागे फिरण्याची सोय नाही. एकशे चाळिसाव्या प्रश्नाला बोट घसरले, तर पहिल्यापासून सुरुवात. पुढे ‘मेनूकॉन्फिग’ आले, खिडक्यांचे ‘एक्सकॉन्फिग’ आले. कॉलेजांतील लिनक्स-मंडळांत हीच दीक्षा असे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा असा लिनक्स गट आहे. स्वतः बांधलेला कर्नल पहिल्यांदा सुरू होतो, तो क्षण आणि पहिली मोडी ओळ न अडखळता वाचली जाते तो क्षण, यांत फारसे अंतर नसावे.

अडचण पडद्याआड होती. एकच जुळणीभाषा तीन निरनिराळे प्रोग्राम वाचत, आणि प्रत्येकाची समज किंचित वेगळी होती. एका दप्तराचे तीन कारकुनांनी तीन अर्थ लावावेत, तसे.

२००० साली एरिक रेमंड यांनी यावर उपाय काढला. त्यांच्या नव्या भाषेचे नाव सीएमएल-२. तिच्यात परस्परविरोधी निवडी होऊच नयेत अशी तर्कशुद्ध व्यवस्था होती. एका उत्तरावरून दुसरे उत्तर ती स्वतःच काढी. ‘टिली मावशी’ नावाचे एक काल्पनिक पात्र त्यांनी चर्चेत आणले : संगणकाचे काहीही न कळणाऱ्या या मावशीलाही स्वतःचा कर्नल बांधता आला पाहिजे. मार्च २००१मध्ये कर्नलकर्त्यांच्या बैठकीत सीएमएल-२ घ्यायचे जवळजवळ ठरलेच होते.

ते आले नाही. आक्षेप अनेक होते. कर्नल बांधण्यासाठी आता पायथॉन भाषाही यंत्रावर हवी, हा एक. टिली मावशीला कर्नल बांधायचाच कशाला, हा दुसरा, आणि मला विचाराल तर तो रास्त होता. पण खरा आक्षेप पद्धतीला होता. सगळे जुने एका दमात काढून सगळे नवे बसवायचे, आणि त्या निमित्ताने प्रश्नांची भाषा व रचनाही बदलायची, हे बहुतेकांना रुचले नाही. २००२मध्ये रेमंड बाजूला झाले. रचना म्हणून सीएमएल-२ अधिक देखणी होती, असे माझे मत आहे. मात्र जमीन-मोजणीचे इतिहास वाचणाऱ्याला हा पराभव परका वाटणार नाही. सबंध मुलखाची नवी पाहणी एकदम करू पाहणाऱ्यांना गावोगावच्या जुन्या वहिवाटीने असेच थकवले आहे.

बाजी मारली रोमान झिपेल यांनी. त्यांनी जुन्या फाइली आपोआप नव्या भाषेत उतरवणारा प्रोग्रामच लिहून दिला. कोणाला काही नव्याने लिहायची गरज उरली नाही. वाचणारे यंत्र एकच, सी भाषेत लिहिलेले. पडदे निराळे, पण समज एक. ऑक्टोबर २००२च्या अखेरीस ते २.५.४५ या आवृत्तीत आले आणि ‘केकॉन्फिग’ म्हणून आजही चालू आहे. पर्यायांची संख्या आता दहा हजारांच्या पुढे गेली आहे.

झिपेल यांनी एक जुनी लकब जपली, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला रस वाटावा ती हीच. सारी उत्तरे ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये साठतात. नकार असेल, तर तिथे लिहिले जाते : अमुक पर्याय ‘इज नॉट सेट’. या ओळीच्या आधी गणवेलीचे चिन्ह असते, आणि इतर फाइलींमध्ये त्या चिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे निव्वळ शेरा. यंत्र तो वाचतही नाही. इथे मात्र वाचते. ओळ आहे, म्हणजे विचारले होते आणि नको म्हटले गेले. ओळच नाही, म्हणजे प्रश्न विचारला गेला नव्हता : एक तर तो पर्याय तेव्हा अस्तित्वात नव्हता, किंवा आधीच्या एखाद्या नकारामुळे त्याच्यापर्यंत पोहोचायची वाटच बंद झाली होती.

मौन आणि नकार यांतील हा भेद आपल्या साधनांत किती दुर्मीळ असतो, हे दप्तरात बसलेल्यालाच कळेल. एखाद्या गावाच्या ताळेबंदात एका कराचा उल्लेख नसतो; तो माफ होता, बसलाच नव्हता की कारकून विसरला, यावर आपण पानेच्या पाने लिहितो.

पेस्तरपट्टीची सोय ‘मेक ओल्डकॉन्फिग’ करते. कर्नलची नवी आवृत्ती आली, की जुनी डॉट कॉन्फिग तिच्या हाती द्यायची. मागील पानावरून पुढे चालू. होकार आणि नकार दोन्ही तसेच राहतात, आणि मधल्या काळात जन्मलेल्या पर्यायांपुरतेच प्रश्न विचारले जातात. सनदेच्या कारकुनाने पुढचे सारे कर आधीच एका शब्दात निकालात काढले होते. इथे निकाल पुढे ढकलला आहे, पण प्रश्न चुकत नाही.

२.६ मालिकेत आणखी एक पर्याय आला : आयकेकॉन्फिग. तो निवडल्यास जुळणीची संपूर्ण फाइल दाबून खुद्द कर्नलच्या पोटात ठेवली जाते, आणि चालू यंत्रात ‘प्रॉक’ या निर्देशिकेखाली ती वाचता येते. अँड्रॉइडच्या आवश्यक जुळणीतही हा पर्याय आहे; म्हणजे हा धागा ज्या फोनवर वाचला जात आहे, त्याच्या कर्नलमध्ये त्याची जन्मनोंद बहुधा आहे. आयकेकॉन्फिग निवडला होता, ही ओळही तिच्यातच सापडते.

एससीओच्या यंत्रांना ही सोय नव्हती. त्यांची नोंद चकतीवर राहिली, किंवा शाखेत रोज रात्री घेतल्या जाणाऱ्या टेपवर. म्हणून सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज, इस्लामपूर या भागातील वाचकांना एक विनंती. घरात कोणी नव्वदच्या दशकात बँकेच्या, पतसंस्थेच्या किंवा साखर कारखान्याच्या संगणक विभागात असेल, आणि माळ्यावर जुन्या फ्लॉपी किंवा काडतुसाच्या आकाराच्या टेप पडून असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत त्या टाकू नयेत. खातेदारांची माहिती असेल, तर ती उघडायची नाही, कोणाला द्यायचीही नाही. पण ‘इटीसी’च्या खाली ‘कॉन्फ’ नावाची निर्देशिका असेल, तर तिच्यातील एसट्यून फाइल तेवढी उतरवून घ्यावी, आणि यंत्र कोणत्या गावी, कोणत्या साली होते, हे त्या माणसालाच विचारून तिच्या शेजारी लिहून ठेवावे.