चोवीस तासांची शर्यत आणि रात्रीचा ट्रक

चिंचवड, आकुर्डी, भोसरी या भागातल्या शाळांमध्ये 'रात्रपाळी' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वर्गातल्या कित्येक मुलांचे वडील आठवड्याला पाळी बदलून कारखान्यात जातात. पहाटे तीन ते पाच हे तास सगळ्यांत जड जातात, हे त्या घरांतल्या मुलांनी ऐकलेलं असतं. मोटारशर्यतींच्या जगाला मात्र ही साधी गोष्ट मान्य करून नियमात बसवायला बरीच वर्षं लागली. ती कशी, ते पाहू.

फ्रान्समध्ये ल मां या गावाजवळ 26 मे 1923 रोजी चोवीस तासांची पहिली शर्यत सुरू झाली. परीक्षा होती ती यंत्राची. दिवे, ब्रेक, टायर आणि इंजिन रात्रंदिवस चालून टिकतात का, हे पाहायचं होतं. लगाश आणि लेओनार या दोघांनी आळीपाळीने गाडी चालवून 2209 किलोमीटर अंतर कापलं आणि ते पहिले आले. म्हणजे सरासरी वेग ताशी 92 किलोमीटर. पुढच्या काळात वेग वाढत गेले, यंत्रं सुधारत गेली. चालवणारा माणूस मात्र तोच राहिला. उलट, एकट्याने जास्तीत जास्त वेळ चालवणं हे शौर्याचं लक्षण मानलं जाऊ लागलं. 1950 साली एडी हॉल या इंग्रज चालकाने पूर्ण चोवीस तास एकट्याने गाडी चालवली आणि आठवा क्रमांक मिळवला.

दोन वर्षांनी, जून 1952 मध्ये, पियेर लव्हेग या 46 वर्षांच्या फ्रेंच चालकाने तेच करायचं ठरवलं. जोडीदार तयार असतानाही त्याने सुकाणू सोडलं नाही. सुमारे तेवीस तास तो एकटा चालवत राहिला. साडेतेरा किलोमीटरच्या मार्गावर तो जवळजवळ चार फेऱ्यांनी पुढे होता. शर्यत संपायला साधारण तासभर उरला असताना त्याचं इंजिन मोडलं आणि मागून आलेल्या मर्सिडीझच्या दोन गाड्या पहिल्या व दुसऱ्या आल्या. (याच कंपनीच्या मोटारी 1995 पासून पिंपरीत आणि 2009 पासून चाकणला तयार होऊ लागल्या.) थकलेल्या हाताने चुकीचा गिअर पडला, असं अनेकांनी म्हटलं. इंजिनात आधीपासूनच दोष होता, असंही सांगितलं जातं. कारण कुठलंही असो, प्रश्न उभा राहिला: तेवीस तास जागा असलेला माणूस ताशी दीडशेहून अधिक वेगाने गाडी चालवायला योग्य आहे का?

याचं उत्तर शोधायची सुरुवात दुसऱ्या एका क्षेत्रात झालेली होती. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास पाहणाऱ्यांच्या नजरेतून खुणा निसटत. त्यावर इंग्लंडमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी प्रयोग केले आणि 1948 मध्ये ते प्रसिद्ध केले. एका तबकडीवर काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे जाई, क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी दिसली की कळ दाबायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या नजरेतून सुटण्याचं प्रमाण वाढलं. बसणारी माणसं तरुण होती, निरोगी होती. त्यांच्या इच्छाशक्तीत काही कमी नव्हती.

याला शरीरातल्या घड्याळाची जोड द्या. आपलं तापमान दिवसभर सारखं नसतं. पहाटे ते सर्वांत कमी होतं आणि त्याच सुमारास झोपेची ओढ तीव्र होते. अशा वेळी दोन-तीन सेकंदांची डुलकी लागते आणि ती लागल्याचं माणसाला कळतही नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांत 66 मीटर अंतर चालकाविना कापलं जातं. शर्यतीच्या गाडीत यात उष्णतेची भर पडते. घामावाटे पाणी जातं, हृदयाचे ठोके वाढतात आणि लक्ष आणखी ढळतं.

ल मांचे नियम पुढे बदलले. आता एका चालकाला एकूण 14 तासांहून अधिक आणि कोणत्याही सहा तासांत चार तासांहून अधिक चालवता येत नाही. गणित सोपं आहे: एकट्याला शर्यत पुरी करणं अशक्य, दोघांना शक्य, तिघांना सोयीचं. 2009 साली नारायण कार्तिकेयन यांचा खांदा शर्यतीच्या ऐन तोंडावर निखळला, तेव्हा त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिसऱ्याचा वाटा उचलला आणि सातवा क्रमांक मिळवला.

आपल्याकडे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकांसाठी दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली. पण मुळात तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांसाठी होता. एक-दोन ट्रकांच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्यातून सुटून जाई. शर्यतीतल्या चालकाजवळ बदली माणूस असतो. याच्याजवळ पुष्कळदा फक्त चहा असतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एकाने 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरून अचानक सोडायची, दुसऱ्याने ती दोन बोटांत पकडायची. पट्टी 20 सेंटिमीटर घसरली तर प्रतिसादाला 0.2 सेकंद लागला. पहिल्या आणि शेवटच्या तासाला प्रत्येकी वीस वेळा मोजा. सरासरीतला फरक कदाचित थोडाच दिसेल. तेव्हा पट्टी पूर्ण निसटण्याच्या वेळाही मोजा, कारण धोका त्यांतच असतो.

मग नकाशा काढा. चाकणहून संध्याकाळी सहाला सुटलेला ट्रक नाशिकमार्गे ताशी सरासरी 40 किलोमीटर वेगाने गेला, तर पहाटे चारला तो धुळ्याच्या पुढे, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ असेल. ड्रायव्हर तोवर दहा तास सुकाणूवर असेल. त्या क्षणी त्याचं शरीर काय म्हणत असेल, हे मुलांनाच सांगू द्या.