लोण्याच्या जागी काय आले?

फ्रान्समधील रूआँ शहराच्या कॅथीड्रलला एक उंच, नक्षीदार मनोरा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधण्यास प्रारंभ झाला आणि लोक त्याला 'लोण्याचा मनोरा' म्हणू लागले. त्या काळी उपवासकाळात मांसाबरोबर दूध-लोणीही वर्ज्य असे. ज्यांना लोण्यावाचून राहवत नसे त्यांनी दानधर्म करून सवलत घ्यावी, अशी सोय होती आणि त्या दानातून हा मनोरा उभा राहिला, असे परंपरेने सांगतात. यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण तेथील गृहिणीची अडचण खरी होती. उत्तर फ्रान्समध्ये ऑलिव्ह पिकत नाही. लोणी सोडायचे, तर भाजी परतायची कशात, याचे उत्तर तिला कोणी दिले नव्हते.

विसाव्या शतकात लोणी सोडण्याचा उपदेश पुन्हा एकदा झाला. या वेळी तो आत्म्यासाठी नव्हता, हृदयासाठी होता. पर्यायही हाताशी तयार होता. 'हे खा, ते टाका' अशा नवनव्या लाटा आज आपल्या घरांत रोज येऊन आदळतात. त्यांतली कोणती अंगावर घ्यावी, असा प्रश्न पडणाऱ्यांनी या पर्यायाची हकीगत जरूर ऐकावी, असे आम्हांला वाटते.

हा पर्यायही फ्रान्समध्येच जन्मला, तो मात्र गरिबीपोटी. सैन्याला आणि गोरगरिबांना परवडेल असा लोण्याचा पर्याय शोधणाऱ्यास तिसऱ्या नेपोलियनने बक्षीस जाहीर केले आणि इपोलित मेज-मूरिएस या रसायनशास्त्रज्ञाने १८६९ साली गाईबैलांची चरबी व दूध यांपासून 'मार्गारीन' तयार केले. पुढे चरबीही महाग वाटू लागली. १९०२ साली विल्हेल्म नॉरमान या जर्मन शास्त्रज्ञाने पातळ तेल घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. तापवलेल्या तेलात निकेलच्या चूर्णाच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला की तेल गोठते. अमेरिकेत १९११ साली सरकीच्या तेलापासून असे पांढरे शुभ्र 'क्रिस्को' बाजारात आले. ते कशात वापरावे हे गृहिणींना ठाऊक नव्हते, म्हणून कंपनीने ६१५ पाककृतींचे पुस्तकच छापले.

आपल्याकडे ही वस्तू 'वनस्पती तूप' या नावाने आली. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३२ साली तिचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ साली पिवळ्या डब्यावर हिरवे ताडाचे झाड मिरवीत 'डालडा' बाजारात उतरला. डच व्यापाऱ्याच्या 'डाडा' या नावात लिव्हर कंपनीने आपला 'ल' घुसडला, अशी त्या नावाची कथा सांगतात. साजूक तूप न परवडणाऱ्या घरात सणाची पुरी त्यावर तळली जाऊ लागली. बेकरीतली खारी आणि नानकटाई त्यावरच खुसखुशीत झाली. रिकामा डबा तर तांदूळ ठेवण्यापासून तुळस किंवा गुलाब लावण्यापर्यंत सर्व कामी आला. गांधीजींनी वनस्पतीला विरोध केला, ते बंद करावे अशी मागणी संसदेपर्यंत गेली. पण वादाचा मुख्य रोख साजूक तुपातील भेसळीवर राहिला. ती ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती झाली. साखर व हायड्रोक्लोरिक आम्ल घालताच त्याला गुलाबी रंग येतो. भेसळ पकडण्याची युक्ती सापडली, पण मूळ पदार्थ शरीरात जाऊन काय करतो हे तपासण्याची निकड फारशी कोणाला वाटली नाही.

दरम्यान अमेरिकेत हृदयविकाराने भयभीत वातावरण होते. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाच हृदयविकाराचा झटका आला. मिनेसोटा विद्यापीठाचे अँसेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतील बारा हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांच्या आहाराचा व हृदयाचा अभ्यास हाती घेतला. लोणी, साय, चरबी यांतील संपृक्त स्निग्धांश रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात आणि त्यातून हृदयविकार बळावतो, हे त्यांचे प्रतिपादन. १९६१ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननेही त्याच दिशेने सल्ला दिला. आज कीज यांना खलनायक ठरविण्याची टूम निघाली आहे. ती आम्हांला पटत नाही. संपृक्त स्निग्धांशाने रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते, हे त्यांच्या म्हणण्याचे सार अद्याप उभेच आहे.

घोटाळा झाला तो सल्ला विद्यापीठातून स्वयंपाकघरात उतरताना. लोणी कमी करा, हे वाक्य घरोघरी पोहोचले. त्याच्या जागी आली मार्गारीनची वडी. वनस्पतीजन्य म्हणजे निर्दोष, अशी समजूत पसरली आणि जाहिरातींनी ती पोसली. एखाद्या घरधन्याला झटका येऊन गेला की त्याची पत्नी काळजीने त्याच्या पावावरचे लोणी काढून मार्गारीन लावी. तिच्या मायेत कसूर नव्हती. १९८८ साली फिल सोकोलॉफ या हृदयविकारातून वाचलेल्या उद्योजकाने अमेरिकी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन खोबरेल व पामतेल वापरणाऱ्या कंपन्यांना धारेवर धरले. कंपन्या नमल्या आणि अनेक ठिकाणी बिस्किटांत खोबरेलाच्या जागी अंशतः हायड्रोजन भरलेले तेल गेले.

त्या तेलातच काटा होता. तेलाच्या रेणूला निसर्गतः एक बाक असतो. हायड्रोजनची प्रक्रिया अर्धवट थांबवली की काही रेणूंचा तो बाक सरळ होतो. त्यालाच ट्रान्स फॅट म्हणतात. इलिनॉय विद्यापीठाचे फ्रेड कमरो यांनी १९५७ सालीच मृत माणसांच्या शरीरात हे स्निग्धांश साचलेले दाखवून दिले होते. त्यांचे ऐकणारे थोडे. १९९० साली नेदरलँड्समध्ये मेन्सिंक व काटान यांनी ३४ स्त्रिया व २५ पुरुषांना तीन-तीन आठवडे वेगवेगळे स्निग्धांश मोजून खाऊ घातले. ट्रान्स फॅटने घातक कोलेस्टेरॉल वाढले, आणि उपकारक कोलेस्टेरॉल कमी झाले. हा दुसरा अपाय लोण्यातला संपृक्त स्निग्धांशसुद्धा करीत नाही. म्हणजे आजाऱ्याच्या पावावर औषध म्हणून जे लावले गेले, ते कित्येक वेळा काढून टाकलेल्या लोण्याहून वाईट होते.

डेन्मार्कने २००३ साली शंभर ग्रॅम स्निग्धांशात दोन ग्रॅमची मर्यादा घातली. कमरो यांनी २००९ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकी सरकारकडे अर्ज केला. उत्तर येईना म्हणून २०१३ साली दावा लावला. बंदीचा निर्णय २०१५ साली झाला, आणि २०१८ साली तो अमलात येण्यापूर्वी, २०१७ मध्ये, ते १०२ वर्षांचे होऊन निवर्तले. भारतात मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर स्थिरावली. ट्रान्स फॅटमुळे जगात दरवर्षी सुमारे पाच लाख माणसे हृदयविकाराने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१८ सालचा अंदाज होता.

आता लाट उलटली आहे. कालचे बदनाम खोबरेल आज 'सुपरफूड' झाले असून शहरांत ते कॉफीत चमचाभर घालून पितात. नारळाच्या वाड्यांत वाढलेल्या आपल्या लोकांना हे ऐकून सुखावल्यासारखे होते. पण त्यातील सुमारे नव्वद टक्के स्निग्धांश संपृक्तच आहे. २०१७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते न वापरण्याचा सल्ला दिला. याउलट, पॅसिफिकमधील पुकापुका व टोकेलाऊ बेटांवर नारळ हेच मुख्य अन्न असूनही हृदयविकार विरळा आढळला, असा १९८१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास खोबरेलाचे भक्त दाखवतात. अभ्यास खरा आहे. मात्र ती माणसे नारळाबरोबर ताजे मासे आणि विलायती फणस खात होती. नारळ त्यांच्या ताटात मुळापासून होता, वरून ओतलेला नव्हता. कालवणात वाटलेला ओला नारळ आणि भरल्या पोटी आणखी घेतलेला तेलाचा चमचा, यांना एकच हिशेब लावणे आम्हांला मान्य नाही. म्हणून कोणी नवा पदार्थ सुचवला की तो घरातल्या कोणत्या पदार्थाच्या जागी घ्यायचा, हे आम्ही आधी विचारतो. कॉफीतल्या खोबरेलाविषयी विचारले, तेव्हा उत्तर आले: कशाच्याच नाही, वरून.