लढाईवर गेलेल्या पूर्वजाचा शोध

श्रोतेहो, पितृपंधरवड्यात ज्याची तिथी ठाऊक नाही, त्याचे पान आपण सर्वपित्री अमावास्येला वाढतो. काही घरांत ते पान जर्मनच्या लढाईवर गेलेल्या पणजोबाचे असते. "बसऱ्याकडे गेला, परत आलाच नाही," एवढीच त्याची हकिगत. परंतु अशा माणसाच्या मृत्यूची नोंद पुष्कळदा सापडू शकते. ती कशी शोधावी, ते पाहू.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. त्यांतील सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. १०३ व ११० या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौज शरण गेली. निजामाचे घोडदळ मात्र ईजिप्त आणि पॅलेस्टाइनकडे होते. म्हणून आपला माणूस कोणत्या पलटणीत होता, हे आधी ठरवा.

त्यासाठी घरातली जुनी पेटी उघडा. त्या लढाईचे पदक असेल, तर त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव व पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. गुरुजी, ही अक्षरे वाचून देण्याचे काम तुमचे!

मग कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाची यादी पाहा. हा आयोग १९१७ साली स्थापन झाला. दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांची त्याची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. नाव शोधताना धीर धरा. कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले. जाधवाचा जादव, जादो काहीही झाला असेल. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव व गावही असते. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा पत्त्यात 'हैदराबाद' दिसले तर बिचकू नका. हिंगोलीकडच्या मंडळींनीही परभणीच पाहावे. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली.

यादीत नाव आहे, पण स्मारकावर नाही, असेही होते. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावे कोरलीच नव्हती. पलटणीखाली केवळ मृतांचा आकडा! या भेदभावाबद्दल आयोगाने २०२१ साली जाहीर माफी मागितली. याउलट दुसऱ्या महायुद्धातले नाईक यशवंत घाडगे पाहा. १० जुलै १९४४ रोजी ते इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, पण कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

नोंद सापडली नाही, तर घरची आठवण खोटी म्हणू नका. पहिल्या युद्धासाठी ही यादी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचीच आहे. त्यानंतर, किंवा पलटण सोडून घरी आल्यावर आजाराने वारलेला शिपाई तीत बहुधा सापडणार नाही.

आज आखातात कामाला गेलेल्यांच्या घरांनी यावरून एक धडा घ्यावा. परदेशात मृत्यू झाल्यास तिथल्या भारतीय वकिलातीत नोंद करून दाखला घ्यावाच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २० व्या कलमात अशा नोंदीची सोय आहे. वारसाचे हक्क त्या कागदावर अडतात.

शिक्षकबंधूंनो, गावातून लढाईवर गेलेल्यांची नावे मुलांकडून गोळा करा. म्हातारी माणसे आहेत तोवरच हे काम होईल. तारीख हाती आली की जुन्या पंचांगावरून तिथी काढता येते. मग त्या घरी पान त्या तिथीला वाढता येईल, आणि पान कोणाचे, हे धाकट्यांनाही नावानिशी सांगता येईल.