वेताची खुर्ची

छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून मी एक जुनी खुर्ची आणली. सांगाडा सागवानी, बैठक फाटकी. विणायला दिली आणि शेजारी बसून राहिलो. चौकटीच्या भोकांतून भिजवलेला वेत ओवायचा, दोन पदर उभे, दोन आडवे, मग दोन तिरपे. शेवटी अष्टकोनी जाळी उमटते.

अंधशाळा म्हटलं की खुर्च्या विणणं, हे गणित पश्चिमेकडून आलेलं. 1900 साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. 1902 मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. पण शाळा संपली की पुढे काय? वेत, टोपल्या, नाहीतर पेटी-तबला.

लुई ब्रेलच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, 19 जानेवारी 1952 रोजी, मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली. आपल्याकडे सगळे तिला 'नॅब'च म्हणतात. अंधांच्या हाताला काम शिकवणं त्यातल्या त्यात सोपं. खरी झटापट मालकाशी. यंत्रात बोट गेलं तर? जिना कसा चढणार? अशा शंकांना पुरून उरत अंध माणसं कारखान्यात जुळणी-पॅकिंगला आणि टेलिफोनच्या बोर्डावर बसू लागली. पुढे स्वयंचलित एक्सचेंज आलं आणि ऑपरेटरची खुर्चीच गेली.

'नॅब'च्या नावातला 'फॉर' मला मात्र नेहमी खटकतो. अंधांसाठी काम कोणतं, हे ठरवणार कोण? 1995 च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यानं सरकारी नोकरीत अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना एक टक्का जागा दिल्या. पण हिशेब धरला जायचा तो सरकारनं 'योग्य' म्हणून निवडलेल्या पदांवरच. म्हणजे वेताची खुर्चीच, फक्त आता यादीच्या रूपात. त्या हिशेबाविरुद्ध कोर्टात गेली ती नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड, 1970 मध्ये दिल्लीत अंध पदवीधरांनीच उभी केलेली संघटना. 8 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: टक्का एकूण रिक्त जागांवर मोजा.

माझी खुर्ची विणणारा कारागीर डोळस होता. तासभर त्याची नजर टीव्हीवरच्या मॅचवर होती. खाली पाहिलं ते फक्त पैसे मोजताना.