जेरुसलेमच्या वाटेवरची अदृश्य भिंत

ईदच्या सुट्टीत बहिणीकडे सोलापूरला गेलो होतो. भाचा नववीत आहे. त्याचा लॅपटॉप जुना, नवे गेम त्याला पेलत नाहीत. म्हणून तो २००७ साली आलेला ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड’ खेळत बसला होता. मी इतिहासात रमणारा माणूस. पडद्यावर ११९१ सालचा शाम देश दिसतोय म्हटल्यावर मीही शेजारी खुर्ची ओढली.

या गेममध्ये दमास्कस, अक्का आणि जेरुसलेम ही तीन शहरं आहेत. नायक अल्ताइर हा मसयाफच्या किल्ल्यातला, निझारी इस्माइली फिदाईंवर बेतलेला. भाच्याने घोडा दौडवला आणि जेरुसलेमच्या वाटेला लागला. वाट समोर स्पष्ट दिसत होती. तरीही एका जागी घोडा थबकला. समोर झिरझिरीत पडद्यासारखी भिंत उभी राहिली आणि सूचना आली, ही आठवण अजून उपलब्ध नाही. त्याने घोडा डावीकडून नेला, उजवीकडून नेला, डोंगरावर चढवायला पाहिला. भिंत काही हलेना.

“मामू, जाऊ द्यायचंच नाही तर दाखवतात कशाला?” तो वैतागून म्हणाला.

त्याचा वैताग खोटा नव्हता. खुल्या जगाचे म्हणून विकले जाणारे गेम आणि त्यांतले बंद प्रदेश, हे भांडण जुनं आहे. आमच्या कॉलेजच्या दिवसांत सायबर कॅफेत ‘व्हाइस सिटी’ चालायचा. त्यात वादळाचं कारण सांगून पूल बंद ठेवलेले असत. त्याआधीच्या, २००१ सालच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’मध्ये सुरुवातीलाच पूल स्फोटाने तुटतो. २००४ च्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये हद्द ओलांडली की पोलिसांचे चार तारे मागे लागत. गेम बनवणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. एक तर त्या वेळच्या यंत्रांना अख्खं शहर एका वेळी झेपत नसे. दुसरं, सगळा नकाशा पहिल्याच दिवशी हाती दिला तर नवखा खेळाडू गोंधळतो आणि गोष्टही विस्कटते. पण २०१७ साली ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने खेळाडूला सुरुवातीच्या एका पठारावर थोडं शिकवलं आणि मग सगळा मुलूख मोकळा करून दिला. म्हणजे कुलूप टाळता येत नाही, असं मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा खुशीत होता. “मामू, जेरुसलेम उघडलं!”

“काय केलंस?”

“दमास्कसमधल्या एका व्यापाऱ्याला मारलं.”

चहाचा कप हातात धरून मी थोडा वेळ गप्प बसलो. वाट बंद होती याचं मला काही वाटलं नव्हतं. पण ती माणूस मारल्यावर उघडते, हे मनात रुतलं. त्या पोराच्या डोक्यात त्या काळाचं चित्र हेच राहणार: इकडे मुसलमान, तिकडे ख्रिस्ती, मधे भिंत, आणि भिंतीची किल्ली खंजिराला बांधलेली. म्हणून मी त्याला त्याच वाटेवरून खरोखर गेलेल्या एका माणसाची गोष्ट सांगितली.

त्याचं नाव इब्न जुबैर. हा अंदलुसचा, ग्रनाडाच्या राज्यपालाच्या दफ्तरात काम करणारा. ११८३ साली तो हजला निघाला. हज करून बगदाद, मोसुल, हलब करत दमास्कसला पोहोचला. परतीचं जहाज अक्क्याहून मिळणार होतं आणि अक्का होतं फ्रँकांच्या, म्हणजे क्रुसेडर राज्याच्या ताब्यात. सप्टेंबर ११८४ मध्ये तो व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर निघाला. नेमकं त्याच वेळी सलाहुद्दीन अय्युबी यांचं सैन्य करकच्या किल्ल्याशी लढत होतं. लढाई सुरू, आणि काफिलेही सुरू! इब्न जुबैरने या गोष्टीचं मोठं नवल नोंदवलं आहे. मुसलमान व्यापारी फ्रँकांच्या मुलखातून जातात, ख्रिस्ती व्यापारी मुसलमानांच्या मुलखातून येतात, दोघेही आपापली जकात भरतात आणि लढणारे त्यांना अडवत नाहीत.

या वाटेवर अडवणूक मुळीच नव्हती असं नाही. तिबनीनच्या नाक्यावर काफिल्याकडून माणशी एक दिनार आणि वर थोडं असा कर घेतला गेला. पण तो मुख्यतः मगरिबी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या मुसलमानांकडून. बाकीच्यांना तो नव्हता. कारणही इब्न जुबैर सांगतो. पूर्वी नूरुद्दीन यांच्या काळात काही मगरिबींनी फ्रँकांच्या एका किल्ल्यावरच्या हल्ल्यात भाग घेतला होता. त्याची ही शिक्षा सगळ्या मगरिबींना. चार-दोघांच्या कृत्याची वसुली सगळ्या समूहाकडून करायची ही रीत तेव्हाही होती. तरी एक गोष्ट होती. नाक्यावर माणूस बसलेला होता, कर किती ते ठरलेलं होतं, आणि तो का घेतात हे वाटसरूला ठाऊक होतं.

अक्क्याच्या जकात कचेरीत ख्रिस्ती कारकून अरबी बोलत होते आणि हिशेबही अरबीतच लिहीत होते. त्यांच्यापुढच्या आबनुसी दौतीसुद्धा इब्न जुबैरच्या नजरेतून सुटल्या नाहीत. याचा अर्थ तो तिथे रमला असा नाही. मशिदींची चर्च झालेली पाहून तो हळहळला, बेड्या घातलेले मुसलमान कैदी पाहून व्याकूळ झाला. त्याने हे गोडही केलं नाही आणि तेही लपवलं नाही. म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो.

जेरुसलेमचंही असंच. १०९९ मध्ये क्रुसेडरांनी ते जिंकलं तेव्हा तिथे कत्तल झाली, आणि नंतर मुसलमान व ज्यू यांच्या वस्तीला बंदी आली. हे कुलूप खरंखुरं होतं. तरी त्याच काळात शैजरचे उसामा इब्न मुनकिज तिथे जात. अक्सा मशीद टेम्पलरांच्या ताब्यात होती. तिला लागून असलेली एक लहान मशीद टेम्पलर त्यांच्यासाठी मोकळी करून देत. एकदा नमाज पढताना युरोपातून नुकत्याच आलेल्या एका फ्रँकाने त्यांना धरून बळजबरीने पूर्वेकडे वळवलं. टेम्पलरांनीच त्याला बाहेर काढलं आणि उसामांची माफी मागितली. हा प्रसंग उसामांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

२ ऑक्टोबर ११८७, म्हणजे २७ रजब ५८३ रोजी बैतुल मुकद्दस सलाहुद्दीन यांच्या हाती आलं. मग तिसरं क्रुसेड. हाच गेमचा काळ. जुलै ११९१ मध्ये अक्का पडलं आणि ऑगस्टमध्ये रिचर्डने तिथले सुमारे २,७०० मुसलमान कैदी मारले. पुढे रिचर्ड दोनदा जेरुसलेमच्या जवळ, बैत नूबापर्यंत आला आणि दोन्ही वेळा परतला. त्याच्यापुढे अदृश्य भिंत नव्हती. शहर घेतलं तरी ते टिकवायला माणसं आणि पाणी कुठून आणायचं, हा हिशेब होता. एप्रिल ११९२ मध्ये सूर शहरात दोन फिदाईंनी माँफराचा काँराड याला खरोखर ठार केलं. त्या खुनाने जेरुसलेमची वाट काही उघडली नाही.

ती उघडली २ सप्टेंबर ११९२ च्या तहाने. किनारपट्टी फ्रँकांकडे, जेरुसलेम मुसलमानांकडे, आणि निःशस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना जेरुसलेमला येण्याची मुभा. सलाहुद्दीन यांच्या लष्कराचे काझी बहाउद्दीन इब्न शद्दाद यांनी पुढची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. रिचर्डने निरोप धाडला की माझी चिठ्ठी असेल त्यालाच आत सोडा. फ्रेंचांशी त्याचं बिनसलं होतं, त्यांना यात्रा घडू नये असा त्याचा बेत होता. सलाहुद्दीन यांनी हे मानलं नाही. जे आले त्यांना येऊ दिलं, त्यांचा पाहुणचारही केला. ख्रिस्ती राजा आपल्याच धर्मबांधवांच्या वाटेवर कुलूप मागत होता, आणि मुसलमान सुलतान ते लावायला तयार नव्हता. रिचर्ड स्वतः मात्र जेरुसलेम न पाहताच ऑक्टोबरमध्ये मायदेशी निघाला.

भाचा सगळं ऐकत होता. मग म्हणाला, “पण तह केल्यावर जागा उघडते असा गेम कोण खेळणार, मामू? बोअर होईल.”

त्याचंही खरं असेल. मारायला एक बटण पुरतं. तहाआधीच्या बोलण्यांत वर्षभर दूत ये-जा करत होते, सलाहुद्दीन यांचे भाऊ अल-आदिल रिचर्डबरोबर जेवले होते, आणि एवढं होऊनही कुणालाच मनासारखं मिळालं नव्हतं. मी त्याला गेम बंद कर म्हणालो नाही. दमास्कसच्या गल्ल्या त्या लोकांनी खरंच जीव लावून उभ्या केल्या आहेत. फक्त त्याला इतकंच सांगितलं की भिंत दिसली तर ती कुणी बांधली आणि कारण काय सांगितलं, हे विचारत जा.

मी घरी परतल्यावर चार दिवसांनी रात्री त्याचा फोन आला. सलाम-दुआ झाली. म्हणाला, “मामू, अक्का पण उघडलं. तासभर फिरतोय. तो अरबीत हिशेब लिहिणारा जकात नाका शोधतोय, अजून काही सापडला नाही.”